शेरा नसलेली वही

लोणखेडा
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय रूपल,

एक वर्ष आणि दहा महिने झाले, मी तुला एक ओळ लिहिली नाही. त्याबद्दल आधी माफी मागते आणि मग पुढे लिहिते. नाहीतर माफी शेवटावर ढकलली जाते आणि तोवर कागद संपलेला असतो. फोन करता आला असता. तुझा नंबर अजून आहे माझ्याकडे. पण फोनवर तू नुसतं ‘हं’ म्हणालीस तर मला पुढचं बोलता येणार नाही. कागद ‘हं’ म्हणत नाही.

तू शाळा सोडून खांडबाऱ्याला गेलीस, इंदरचंदकाकांच्या कापड दुकानाच्या माडीवर मुलांच्या शिकवण्या घेतेस, एवढं कानावर येत होतं. राजीनाम्यात तू ‘घरगुती अडचण’ असं लिहिलं होतंस. अडचण मी होते, हे शिक्षकखोलीत सगळ्यांना माहीत होतं.

लिहिण्याचं कारण सांगते. एआयची साधनं निवडायचं काम संस्थेनं पुन्हा माझ्यावर टाकलं आहे. तीन दिवसांचं प्रशिक्षण एकदा केलं म्हणून मी अजूनही त्यातली जाणकार समजली जाते. ११ डिसेंबरला बैठक आहे. त्या दिवशी ज्यांना होकार मिळेल ती साधनं संस्थेच्या चारही शाळांत तीन वर्षांसाठी येतील. अध्यक्ष बन्सीलालभाऊंचा आग्रह पूर्वीचाच: निबंध मुलानं लिहिला की यंत्रानं, हे सांगणारं ते ॲप हवंच. ते त्याला ‘चोर धरणारं’ म्हणतात.

या वेळी मी एक पद्धत ठरवली. ज्याचं उत्तर मला आधीपासून पक्कं माहीत आहे, अशाच गोष्टीवर प्रत्येक साधन लावून पाहायचं. जाहिरात वाचायची नाही. ही अक्कल दोन वर्षांपूर्वी का सुचली नाही, हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारते आणि उत्तर मला आवडत नाही.

गणिताचं एक ॲप वसतिगृहातल्या मुलींना दिलं. एक फोन, आठ जणी. ते उत्तर देऊन मोकळं होत नाही, पुढची पायरी काय असेल ते विचारतं. मुली त्याच्याशी वाद घालतात आणि वाद घालता घालता उदाहरण सुटतं. मी दुरून पाहत बसले होते; मला बरं वाटलं. नेट गेलं की ते मुकं होतं, तेही टिपून ठेवलं आहे.

प्रश्नपत्रिका काढून देणारं दुसरं. भूगोलाचे आपले हेमकांत सर त्याच्यावर फार खूश होते. नववीची चाचणी त्यांनी त्यातूनच काढली आणि न वाचता छापली. त्यात तापी बंगालच्या उपसागराला मिळाली. प्रकाशा गावची मुलं तापी बघतच लहानाची मोठी झाली आहेत; त्यांनी पेपर चालू असतानाच हात वर करून विचारलं, सर, नदी कधी उलटी फिरली? तेव्हापासून आपला लिपिक गोपाल हजेरीपट घेऊन आला की गंभीर चेहऱ्यानं विचारतो, “सर, आज तापी कथा चालनी?” म्हणजे, कुठे निघाली? सर आता त्याला ओळखही दाखवत नाहीत.

राहिलं ते चोर धरणारं. त्याच्यासाठी अशी गोष्ट हवी होती, जी नक्की माणसानंच लिहिली आहे. शंका घ्यायला जागा नाही असं माझ्याकडे एकच आहे: माझी डायरी. २००१ सालची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची, शाईच्या पेननं लिहिलेली. त्यातली तीन पानं टाइप केली आणि ॲपला दिली.

एक्क्याण्णव टक्के यंत्रलिखित.

गोपाल मागे उभा होता. म्हणाला, “मॅडम, हाई तर तुमलेबी चोर म्हनी ऱ्हायनं.”

मी हसले. मग मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेचं दार लोटून एकटी बसले. रविताच्या निबंधाला सत्याऐंशी टक्के आले होते. माझ्यापेक्षा चार कमी.

रविता पावरा. धडगावच्या वरच्या पाड्यावरून आलेली, अकरावीतली, तुझी विद्यार्थिनी. त्या आकड्यावरून आम्ही, म्हणजे शाळेच्या समितीनं, तिचा निबंध जिल्हास्पर्धेतून काढून घेतला, आणि पंधरा दिवसांत तू गेलीस.

असं का झालं असेल याचा मी दोन दिवस विचार केला. माझ्या माहेरी गुजरी बोलतात, सासरीही तेच, बाजारात अहिराणी. मराठी मी घरात कुणाशी बोललेच नाही. ती पुस्तकातून आली आणि वहीत राहिली, त्यामुळे पुस्तकासारखीच राहिली. रविताच्या घरी पावरी. तिची मराठी तर तू रोज धड्याचं एक पान उतरवून घेऊन घडवलेली. जे मूल मराठी घरातून न शिकता पुस्तकातून शिकतं, ते जितकं चांगलं शिकेल तितकं त्या ॲपला यंत्र वाटणार. आणि आपल्या शाळेत असं नसलेलं मूल शोधायला वर्गावर्गातून फिरावं लागेल.

तू दिलेली तिची कच्ची वही समितीपुढे होती, तरीही आम्ही आकड्यावर विश्वास ठेवला. चूक झाली. तुझं म्हणणं बरोबर होतं. एवढं सांगायला हे पत्र.

काकांना जय जिनेंद्र सांग.

तुझी
मोहिनी

बुधवार, २६ नोव्हेंबर

प्रिय रूपल,

मागच्या पत्रात एक वाक्य खोटं आहे. पत्र पेटीत टाकताना मला ते माहीत होतं, आणि तरीही टाकलं. आज ते दुरुस्त करते, कारण माफीच्या पत्रातच खोटं ठेवलं तर त्या माफीचं करायचं काय?

वही समितीपुढे नव्हती.

समितीच्या तेव्हाच्या बैठकीच्या आदल्या दिवशी तू ती माझ्या हातात दिलीस. निळ्या पुठ्ठ्याची, मागच्या अकरा पानांवर तोच निबंध तीनदा लिहिलेला. तू म्हणालीस, “ताई, हे खर्डे पाहिले की कुणी काही विचारणारच नाही.” मी ती पर्समध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी पर्स माझ्या खुर्चीखाली होती आणि बैठक वीस मिनिटांत संपली. पहिली सही माझी. तू व्हरांड्यात उभी होतीस. वही पाहिली का, असं विचारलंस. मी म्हणाले, हो, पाहिली सगळ्यांनी.

मी तुला तोंडावर खोटं सांगितलं, आणि ते तुला खरं वाटलं. म्हणून तू भांडली नाहीस, नुसती निघून गेलीस. भांडली असतीस तर कदाचित मी तेव्हाच बोलले असते, असं मी स्वतःला सांगत आले. हेही खरं आहे की नाही, मला ठाऊक नाही.

वही का काढली नाही, तेवढं मात्र ठाऊक आहे. ते ॲप मी निवडलं होतं. संस्थेपुढे पडद्यावर मी ते चालवून दाखवलं होतं, टाळ्या घेतल्या होत्या. पहिल्याच निकालात ते खोटं ठरलं असतं तर मी खोटी ठरले असते. एका मुलीपेक्षा मला माझी निवड जपायची होती. याहून मोठं कारण शोधलं, सापडलं नाही.

वही अजून माझ्याकडे आहे. प्रयोगशाळेच्या कपाटात, तराजूच्या खोक्यामागे. रविता नंतर वर्षभर माझ्याच जीवशास्त्राच्या तासाला बसत होती. विचारलेल्याचं उत्तर द्यायची, एक शब्द जास्त नाही. ते कपाट तिच्या बाकापासून चार हातांवर होतं.

काल वही काढून वाचली. निबंधाचं नाव ‘आमच्या पाड्याचं पाणी’. पहिल्या खर्ड्यात तिच्या आईची, फुलवंताबाईंची, दोन वाक्यं पावरीत आहेत. दुसऱ्यात ती खोडून मराठीत केली आहेत. तिसऱ्यात ती इतकी सफाईदार मराठी झाली आहेत की आई दिसतच नाही. मशीननं तिसरा खर्डा पाहिला. पहिला फक्त तू पाहिला होतास.

हे लिहून झाल्यावर मला मोकळं वाटतं आहे. तसं वाटून घेण्याचा मला हक्क आहे का, हे तू ठरव.

मोहिनी

शुक्रवार, ५ डिसेंबर

प्रिय रूपल,

तुझं कार्ड आलं. पाच ओळींचं. कितीदा वाचलं ते लिहीत नाही.

तू लिहिलंस: ‘वही पाहूनही तुम्ही सह्या केल्यात असं मी दोन वर्षं समजत होते. ती पाहिलीच नव्हती हे आता कळलं. त्यामुळे मला बरं वाटावं की वाईट, हे अजून ठरत नाही. माझं राहू द्या. रविता दाखला न्यायला आलीच नाही, एवढं तुम्हाला माहीत आहे का?’

मला माहीत नव्हतं, रूपल. मला माहीत असायला हवं होतं.

काल सारंगखेड्याच्या यात्रेमुळे वर्गात निम्मी मुलं होती. गोपालला सवड होती. त्यानं दाखल्यांची फाइल काढली. मे महिन्यात बारावीला चौसष्ट टक्के मिळवलेल्या मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला तिथंच पडून होता, सही-शिक्क्यासह. ‘वर्तणूक’ या रकान्यात सगळ्यांच्या दाखल्यावर ‘चांगली’ असतं. ते लिहायला कुणी विचारही करत नाही, हात आपोआप लिहितो. रविताच्या दाखल्यावर ‘समाधानकारक’ होतं. समितीच्या ठरावात तशी एक ओळ होती. मी त्या ठरावावर सही केली, आणि ती ओळ मला आठवत नव्हती.

गोपाल म्हणाला, “तिले कोनी तरी सांगं व्हतं काय लिखेल शे ते. मंग ती उनीच नही.”

म्हणजे एक वर्ष गेलं. शिक्षिका व्हायला डी.एल.एड.ला जायचं होतं तिला, असं तू पूर्वी म्हणायचीस. दाखल्याशिवाय अर्ज नाही.

दुपारी फोन लावला. फुलवंताबाईंनी उचलला. मी शाळेतून बोलते म्हटल्यावर त्यांनी मुलीला हाक मारली. रविता फोनवर आली. मी सगळं सांगितलं: वही, पर्स, कपाट. ती ऐकत होती. मागे मुलांचा पाढ्यांचा आवाज येत होता. पाड्यावरच्या चौदा मुलांना ती अंगणात शिकवते. मी माफी मागितली. ती म्हणाली, “हो.”

फक्त ‘हो’. मी ज्या ‘हं’ला इतकी घाबरत होते, ते असंच असणार. त्यानं मी मेले नाही.

घर सोडून कुठे कामाला लागली असेल, लग्न लावून दिलं असेल, असं मनात येऊन गेलं होतं. ती शिकवते आहे. फोन ठेवल्यावर मी गोपालला आधी तेच सांगितलं.

पुढचे अर्ज जूनमध्ये निघतात. वेळ आहे. न नेलेला दाखला रद्द करून नवा देता येतो, पण त्यासाठी समितीचा नवा ठराव लागेल. तो ११ तारखेला मांडते. भाऊ सध्या पर्यवेक्षकपदासाठी माझं नाव घेत आहेत. त्याच बैठकीत मी ही वही काढणार आहे. हे तुला मुद्दाम लिहिते, म्हणजे मला माघार घेता येणार नाही.

मोहिनी

गुरुवार, ११ डिसेंबर

प्रिय रूपल,

झालं. घाईत लिहिते आहे. अक्षर समजून घे.

मी ॲप पडद्यावर लावलं. आधी माझी डायरी दाखवली, एक्क्याण्णव. मग २०११ च्या स्मरणिकेतलं अध्यक्षांचं प्रास्ताविक टाकलं. शहाण्णव. हेमकांत सरांनी खाली पाहिलं. भाऊंनी स्मरणिका मागून घेतली, चष्मा लावला, पूर्ण वाचली आणि मला म्हणाले, “नाव मन्हं शे, लिखेल तुन्हं शे. मंग मशीन खोटं कसं?”

सगळे हसले. ते प्रास्ताविक मी लिहून दिलं होतं हे भाऊंनी कधी लपवलं नाही. केळीच्या बागेतून आलेल्या माणसाला प्रास्ताविक कशाला जमायला हवं, असं तेच म्हणतात. मी म्हणाले, भाऊ, २०११ मध्ये मी होते, असं लिहिणारं मशीन नव्हतं. दोन्ही वेळा ते मलाच मशीन म्हणतंय.

त्यांनी स्मरणिका मिटून बाजूला ठेवली. मग मी निळी वही टेबलावर ठेवली आणि तुला दुसऱ्या पत्रात लिहिलं होतं ते सगळं तसंच सांगितलं. पर्स खुर्चीखाली होती, हेसुद्धा. ते सांगायची गरज नव्हती. पण ते गाळलं असतं तर बाकीचं सगळं पुन्हा सफाईदार झालं असतं.

हेमकांत सर पानं उलटत राहिले. खोडलेल्या पावरी ओळींवर त्यांचं बोट थांबलं. ते म्हणाले, “ही तेव्हा दाखवली असती तर मी सही केली नसती, ताई.” थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, “खरं सांगू? केलीही असती. मला शहाद्याची बस गाठायची होती.” सरांबद्दल मला इतकी माया कधी वाटली नव्हती.

ठरलं ते असं. चोर धरणारं ॲप बंद, चारही शाळांत. निबंधाबरोबर कच्ची वही जोडायची आणि शिक्षकानं ती वाचायची. गणिताचं ॲप घ्यायचं, वसतिगृहाला आणखी दोन फोन द्यायचे. प्रश्नपत्रिकेचं ॲप ठेवायचं, पण छापण्याआधी शिक्षकानं तो पेपर स्वतः सोडवून दाखवायचा. ही अट सरांनीच घातली, तापीचं नाव न घेता. आणि रविताचा दाखला रद्द करून नवा, ‘वर्तणूक’ रकान्यात ‘चांगली’. ठरावात ‘समितीची चूक’ असा शब्द मी घालायला लावला. भाऊ म्हणाले, हा शब्द कशाला? मी म्हणाले, तिच्यावर लिहिताना आपण शब्द जपून वापरला नव्हता. त्यांनी मान हलवली आणि सही केली.

निघताना ते म्हणाले, पर्यवेक्षकाचं पुढं पाहू. याचा अर्थ मला कळतो. बसस्टँडपर्यंत चालत आले, आणि मला वाईट वाटतंय का ते तपासत आले. थोडं वाटत होतं, शाळेच्या फाटकापर्यंत. पुढे गरम भजी खाल्ली.

मोहिनी

शनिवार, १३ डिसेंबर

प्रिय रूपल,

आज रविता आली होती. वडील भाईदास सोबत होते. पहाटे निघून तीन गाड्या बदलून दोघं अकराला शाळेत पोचले.

तिनं दाखला उभ्यानंच वाचला. नाव, जन्मतारीख, जन्मतारीख अक्षरी, सगळे रकाने. ‘वर्तणूक’पाशी थांबली नाही, पुढे वाचत गेली, आणि शेवटी परत तिथं आली. मग वडिलांना दाखवला. भाईदासना वाचता येत नाही. त्यांनी त्या रकान्यावर बोट ठेवलं आणि तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, हो, तोच. त्यांनी दाखला हातात घेऊन दोन घड्या घातल्या आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला.

मी निळी वही तिच्यापुढे ठेवली. तिनं शेवटचं पान काढलं, मग त्याच्या मागचं, मग परत शेवटचं.

“मॅडम, ही तपासलेली नाही.”

मला आधी कळलंच नाही. तुला आठवतं ना, तुझ्या तासाची एकही वही शेऱ्याशिवाय परत गेली नाही. लाल शाई, तारीख, एक ओळ, सही. ज्यांना तीन गुण द्यायची त्यांनाही एक ओळ. रविताची ही एकच वही तशी राहिली, कारण तपासायच्या आधीच तू ती माझ्या हातात दिली होतीस.

मी म्हणाले, आण, आत्ता तपासते. पेनही काढलं.

“तुम्ही नाही,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, वर्गात उत्तर द्यायची तसाच होता. “रूपल मॅडमकडून तपासून आणा. चुका असतील त्या दाखवायला सांगा. मशीनला एकही सापडली नव्हती.”

मग पहिल्यांदाच जराशी हसली. मीही हसले, आणि मग चष्मा पुसत बसले.

आम्ही काय काय निवडलं ते तिनं विचारून घेतलं. गणिताचं ॲप फोनवर चालवून पाहिलं, दोन उदाहरणं सोडवली, आवडलं म्हणाली. पण पाड्यावर नेट टेकडीवर गेल्याशिवाय येत नाही. चौदा मुलांना घेऊन रोज टेकडी कोण चढणार? तिला तिसरी-चौथीची गोष्टींची पुस्तकं हवी होती. ग्रंथालयातून अकरा दिली, माझ्या नावावर. ही निवड करायला मला कुठलंही प्रशिक्षण लागलं नाही. जूनमध्ये अर्ज भरायला ती शाळेतल्याच संगणकावर येणार आहे. तारीख मी गोपालच्या कॅलेंडरवर तिच्या हातून लिहून घेतली.

फुलवंताबाईंनी आमचुराची पिशवी पाठवली आहे. रूपल मॅडमसाठी, असं भाईदासनी दोनदा सांगितलं, म्हणजे घोटाळा नको. माझ्यासाठी काही नव्हतं. ते बरोबरच होतं, आणि खरं सांगते, त्यानंच मला सगळ्यात बरं वाटलं. माफ करून टाकल्यासारखं त्यांनी काही केलं नाही. काम सांगितलं.

तुझ्या कार्डात ‘या’ असं कुठं लिहिलेलं नाही. मी पुन्हा पाहिलं. ‘येऊ नका’ असंही नाही. तू दारातून वही घेऊन आत गेलीस तरी चालेल. शेरा होईपर्यंत मी खाली दुकानात काकांपाशी बसेन.

हे पत्र पेटीत टाकत नाही, सोबत आणते आहे. डायरीच्या पानाखाली दुसऱ्या दिवसाचं एकच काम लिहायची माझी सवय तुला माहीत आहे. आजचं इथंच लिहिते.

उद्या: रविताची वही घेऊन सकाळच्या बसनं खांडबारा.